गंगाक्का आणि लाडलेसाबची घोडी

उमरग्यात जनावर लंगडलं की त्याला सोमलिंगाच्या दारात आणायचं, असा शिरस्ताच होता. सोमलिंग डाग द्यायचा. बैलाचा खांदा धरला, म्हशीचा पाय आखडला, की चार गडी जनावराला दोरानं पाडून धरत आणि सोमलिंग लाल झालेली सळई दुखऱ्या जागेवर ओढायचा. चामडी जळली की आतलं दुखणं बाहेर पडतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्याच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही. निजामाचं राज्य होतं. जिल्ह्याच्या गावी म्हणे सरकारी सालोत्री, म्हणजे गुरांचा डॉक्टर, असायचा, पण त्याचं तोंड उमरग्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं सोमलिंगाला गावात मान होता, आणि आपल्याला मान आहे हे सोमलिंगाला चांगलं ठाऊक होतं.

त्याच दारातून बायाही आत जात, पण त्या सोमलिंगाकडं नव्हे, त्याच्या बायकोकडं. तिचं नाव शिवगंगा. सगळं गाव तिला गंगाक्का म्हणे. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, तान्ह्या पोरांचं अंग चोळायचं, एखाद्या म्हातारीची कंबर धरली असेल तर ती मोकळी करून द्यायची, हे तिचं काम. हात रुंद, बोटं आखूड, तळवे करडईच्या तेलानं कायम मऊ. किरकिरं पोर तिच्या मांडीवर पालथं पडलं की दोन हुंदके देऊन झोपायचं, आणि त्याची आई भिंतीला टेकून त्याच्या आधी झोपलेली असायची.

माहेर तिचं आळंद तालुक्यातलं, कानडी मुलखातलं. बापाला पोरगा नव्हता, म्हणून बैलांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी पोरीच्या वाट्याला आली. एरवी ते पुरुषांचं काम. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, त्यावर लोणी-हळद चोळायची, आणि मग बैलाला कानडीत आवतण द्यायचं, उद्या जेवायला या. इतरांच्या गोठ्यात हे हां हां म्हणता उरकायचं. गंगा मात्र बैलाचे डोळे मिटल्याशिवाय हात काढायची नाही. बैलांचा खांदा चोळता चोळता तिचा हात बसला. पुढं त्याच खांद्यानं तिला तोंडघशी पाडलं, पण ते येईलच.

लग्न होऊन उमरग्याला आली आणि पाहते तो काय, ज्या जागी आपण लोणी लावायचो तिथं नवरा सळई लावतो. डाग दिल्यावर जखमेवर तेल-हळद लावायला मात्र तिलाच हाक यायची. ती लावायची, जनावराच्या मानेवर जरा वेळ हात ठेवायची आणि घरात जायची. नवऱ्याच्या विद्येवर बायकोनं बोलू नये असं तिला कुणी बजावलं नव्हतं, पण असल्या गोष्टी बजावाव्या लागत नाहीत. बाकी संसार सुखाचा होता. सोमलिंग तोंडाचा फटकळ, मनाचा साधा. बायकोची थट्टा केल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागायची नाही, आणि तिलाही त्याची थट्टा ऐकल्याशिवाय दिवस मावळल्यासारखा वाटायचा नाही.

सासरी जनावराचं दुखणं काढायला तिचा हात पहिल्यांदा गेला तो एका कुत्र्यापायी. बिराप्पा धनगराच्या कुत्र्यानं मेंढरांवर आलेल्या लांडग्याशी झोंबी घेतली होती. तेव्हापासून कुत्र्याचं नाव लांडग्या पडलं, आणि मागचा एक पाय फरफटत राहिला. बिराप्पानं त्याला डागण्यासाठी दाखवायला आणलं, तर सोमलिंग मुरूमच्या बाजाराला गेलेला. कुत्रं अंगणात पडून राहिलं. गंगाक्कानं त्याच्या मांडीवर हात ठेवला, तसं ते दात दाखवून गुरगुरलं.

कुत्र्याचं एक बरं असतं, ते मनात काही ठेवत नाही. जिथं दुखतं तिथं बोट गेलं की स्पष्ट सांगतं, इथं नको. गंगाक्कानं त्याचं ऐकलं. दुखरी जागा सोडून तिच्या भोवतीनं हलक्या हातानं फिरत राहिली, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला, पाय हातात घेऊन जेवढा सहज लांबेल तेवढाच लांबवला. गुरगुर कमी होत गेली. बिराप्पा रोज मेंढरं वळवून त्याच वाटेनं यायला लागला, आणि पौर्णिमा उलटायच्या आत लांडग्या मेंढरांच्या पुढं पळायला लागला.

सोमलिंगानं कपाळाला हात लावला. “कुत्र्याला चोळलीस? आता उद्या कोंबड्याला न्हाऊ घाल.”

“आना की कोंबडा,” ती म्हणाली. “न्हाऊ घालून मग कापू.”

त्यानंतर धनगरवाड्यावरची दोन-चार कुत्री तिच्या ओळखीची झाली. पण कुत्री म्हणजे कुत्री. त्यांच्या बऱ्या होण्यानं कुणाचा मान वाढत नाही की कमी होत नाही. सोमलिंगाच्या सळईला काही धक्का लागला नव्हता.

तो लागायची वेळ आली लढाईच्या दिवसांत. लढाई कुठं तरी साता समुद्रापलीकडं चालली होती, पण तिच्यापायी पेट्रोल तुटलं आणि सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या मोटारी कमी झाल्या. टांगेवाल्यांचं फावलं. लाडलेसाब उमरगा ते मुरूम टांगा हाकायचा. वय झालेलं, बायको जाऊन वर्षं लोटलेली, पोरबाळ नाही. होती ती चमेली, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी. तिच्याशी तो दिवसभर दखनीत बोलायचा आणि तिनं कान हलवला की उत्तर मिळालं असं धरून पुढचं बोलायचा. त्याची आणि सोमलिंगाची दोस्ती लंगोट्या वयापासूनची.

मार्गशीर्षात एका सकाळी तो चमेलीला पायी चालवत सोमलिंगाच्या दारात घेऊन आला. घोडी पुढचा उजवा पाय आखडता टाकत होती. सोमलिंगानं तिला अंगणात दोनदा चालवून बघितली. बंडप्पा म्हणून सोमलिंगाचा चुलतभाऊ होता, जनावर पाडताना दोर धरायचा, त्यानंही मान हलवली. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांचं एकच मत पडलं. खांदा धरलाय. चुलीपाशी उभ्या गंगाक्कालाही तेच वाटलं.

“येत्या अवसेला डागू,” सोमलिंग म्हणाला. “येळवस हाय. शेतात गडी बी गोळा झालेले असत्यात. तू तर जेवायला येनारच हाईस.”

डाग अवसेलाच द्यायचा, हा त्यांच्या घराण्याचा नेम. आणि येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हा या मुलखाचा सगळ्यांत मोठा सण. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे आपापल्या शेतात, ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात, पण पंगतीशिवाय कुणी नाही. लाडलेसाब दर वर्षी सोमलिंगाच्या शेतात असायचा.

“व्हय,” लाडलेसाब म्हणाला. पण त्याचा हात घोडीच्या मानेवर होता आणि तो तिच्याकडं बघत नव्हता. पोराला टोचून घ्यायला नेलेला बाप जसा दुसरीकडंच बघतो, तसा तो कुडाकडं बघत होता. गंगाक्काला ते बघवेना. आजवर जे तोंड चार माणसांत उघडलं नव्हतं, ते तिनं उघडलं.

“अवसेला अजून अवकाश हाय. तवर म्या चोळू का हिला?”

ओट्यावरच्यांनी सोमलिंगाकडं बघितलं. मग सोमलिंग हसला. “चोळ की. डागायच्या आदी कातडी मऊ असलेली बरीच. पर येळवसेला घोडी सरळ चालली न्हाय, तर मग मधी पडायचं न्हाय.”

“न्हाय पडनार,” गंगाक्का म्हणाली.

चमेली त्यांच्या अंगणातल्या लिंबाखाली राहिली. गंगाक्का सकाळची कामं आटोपून तिच्यापाशी जायची. कोमट पाण्यानं खांदा शेकायची, करडईच्या तेलात हळद घालून चोळायची, बैलाचा चोळायची अगदी तसाच, मानेच्या मुळापासून खाली. घोडी निमूट उभी राहायची. पाय आपटायची नाही, दात दाखवायची नाही. गंगाक्काला वाटलं, बरं वाटतंय तिला. कुत्रं बोलून दाखवतं आणि घोडं सोसून घेतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी लाडलेसाब यायचा. घोडीला सडकेपर्यंत चालवायचा. पाय तसाच आखडता. तो सलाम करून जायचा. गंगाक्का दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावायची. पाणी भरायला गेली की बाया विचारायच्या, “काय अक्का, घोडी बाळंत झाली का?” तिला एरवी अशा थट्टेला दुप्पट उत्तर सुचायचं. त्या दिवसांत ती घागर उचलून चालू लागायची. चंद्र रोज कोरेकोरेनं झिजत होता, आणि चमेलीनं कडबा अर्धा टाकून द्यायला सुरुवात केली होती.

एकदा जेवताना सोमलिंग म्हणाला, “सोड गं आता. तुजा हात माणसाचा हाय. त्यात कमीपना न्हाय काय.” थट्टा केली असती तर तिनं सहन केलं असतं. तो मायेनं बोलला, आणि तेच तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोळून चोळून तिचेच खांदे भरून आले. दम खायला म्हणून ती घोडीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकून जरा रेलली. तेवढ्यात चमेलीच्या अंगावर काटा सरकला. कातडी थरथरली, पाठ खाली दबली, मान वर गेली. गंगाक्कानं झटकन कोपरं उचलली. मग नुसता तळवा ठेवला, जोर न देता. खोगीर बसतं त्या जागी, कण्याच्या उजव्या अंगाला, कातडी गरम लागत होती आणि खाली मांसाची एक गाठ घट्ट पिळलेल्या धडप्यासारखी आवळलेली होती. तिनं डाव्या अंगाला बघितलं. तिथं इतकी नव्हती. पुन्हा उजवीकडं आली. घोडीनं कान मागं पाडले आणि पुढचा उजवा पाय उचलून अलगद टेकवला.

गंगाक्का तिथंच लिंबाच्या बुंध्याशी बसली. जन्मभर बैलांत राहिलेली बाई. ओझं म्हटलं की तिला मानेवरचं जू दिसायचं. तिलाच काय, ओट्यावरच्या सगळ्यांना तेच दिसलं होतं. घोड्याच्या मानेवर जू नसतं, एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं डोळ्यांत पाणी आलं.

लाडलेसाब आला तेव्हा तिनं त्याला ती जागा दाखवली. “हितं दुकतंय हिला. पाठ वाचवायला पाय आखडता घेती. म्या इतके दीस येड्यावानी खांदा चोळत बसले.”

लाडलेसाबनं हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला. टांग्याचं गणित तिला ठाऊक नव्हतं, त्याला होतं. मोटारी कमी झाल्यापासून मागची जागा भरली की तो पुढं आपल्या शेजारी दोघं-तिघं बसवायचा, पायाशी गुळाच्या ढेपा ठेवायचा. टांगा पुढं कलला की दांड्यांचा सगळा भार खोगिरातून घोडीच्या पाठीवर उतरतो. हे त्याला कळत होतं. रोज मुरूमला पोचल्यावर, उद्यापासून नको, असं तो म्हणायचाही.

“म्याच केलं अक्का हे,” तो म्हणाला. “आन खांदा म्हनून तुमास्नी दाखवलं.”

“आपन दोघांनी बी चुकीचंच बगितलं,” गंगाक्का म्हणाली. “आता नीट बगू.”

त्या दिवसापासून तिनं चोळणंच सोडलं. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून ती गाठीच्या आसपास फिरवायची, मग तळवा ठेवून नुसती उभी राहायची. हाताचं जेवढं वजन तेवढंच द्यायचं, जोर द्यायचा नाही. गाठ जरा सैल झाली की बोटं बाहेरच्या बाजूला सरकवायची. मग एकेक पाय उचलून हळूच लांबवायचा. पहिल्या दिवशी घोडी अंग चोरून उभी राहिली. मग एका दुपारी तिनं मान खाली सोडली, ओठ लोंबते टाकले आणि जबडा वासून लांबलचक जांभई दिली. गंगाक्कालाही जांभई आली. अंगणात दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. कडबा सगळा संपायला लागला.

तिनं सोमलिंगाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पायाचं दुकनं पाठीत कसं जाईल? काय तरीच.” अवसेच्या सकाळी शेंगा-पालेभाज्यांच्या घट्ट भज्जीचं पातेलं, ताकाच्या आंबिलीचं गाडगं, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या असं सगळं बैलगाडीत चढलं, आणि सगळ्यांत शेवटी घोंगडीत गुंडाळलेली सळई. गंगाक्कानं ती चढवताना पाहिली आणि गाडीत जाऊन बसली. शब्द दिला होता.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून बसवले, पूजा झाली, उभ्या जोंधळ्यावर आंबील शिंपडून झाली. लाडलेसाब चमेलीला पायी घेऊन आला. सगळे उठून बघायला लागले. घोडी सरळ चालत होती. बांधापर्यंत सरळ आली, आणि बांध उतरताना उजवा पाय जरासा आखडला. अगदी जरासाच, पण सगळ्यांनी पाहिला.

“अजून हाय थोडं,” बंडप्पा म्हणाला. “आजची अवस वाया घालवू नका. फुडली म्हैन्यानं येती. लगे हात डागून टाका, निस्तं एकदाच.”

बाकीच्यांनाही ते पटलं. लाडलेसाबनं गंगाक्काकडं बघितलं, मग सोमलिंगाकडं. “तू सांग,” तो दोस्ताला म्हणाला. “तू म्हनशील ते.” सोमलिंगानं जराशानं मान हलवली आणि भज्जी गरम करायला पेटवलेल्या जाळात सळई खुपसली. बंडप्पा दोर सोडवायला लागला.

गंगाक्का पानं मांडता मांडता उठली. शब्द दिला होता की मध्ये पडणार नाही. ती मध्ये पडली नाही. नवऱ्यापाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, “डागा तुमी. पर कुटं डागायचं ते एकदा हात लावून बगा. लोकंड तापस्तवर तरी बगा.”

यात काही वावगं नव्हतं. सोमलिंग हात पुसत घोडीकडं निघाला. तो चार पावलांवर आला तशी चमेली मागं सरकली आणि दोर ताणून उभी राहिली, डोळ्यांचं पांढरं दिसेपर्यंत. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. गावातलं प्रत्येक जनावर सोमलिंगाला बघून असंच करायचं. त्याच्या अंगालाच जळक्या चामडीचा वास असावा. बैल शिंगं वळवायचे, कुत्री गाडीखाली शिरायची. त्याचे स्वतःचे बैलसुद्धा त्याच्या हातून वैरण घेताना मान लांब करून घ्यायचे. त्याला सवय झाली होती, निदान सगळे तसं समजत होते.

गंगाक्कानं घोडीच्या मानेवर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा त्या जागेवर नेला. त्यानं सवयीनं दाबलं. घोडी शहारली.

“दाबू नका. निस्ता ठिवा.”

“निस्ता ठिवून काय व्हतंय?”

“ठिवा तर.”

त्यानं ठेवला. गरम लागलं त्याला. गाठही लागली. गंगाक्का बाजूला झाली. घोडीचे कान मागं होते, ते एकेक करून सैल पडले. मग मान खाली आली. सोमलिंग श्वास रोखून उभा होता. आपण हललो तर हे मोडेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चमेलीनं एक मोठा सुस्कारा टाकला, मान वळवली आणि आपलं लांबोडकं डोकं त्याच्या खांद्यावर ठेवून दिलं. त्यानं दुसरा हात अलगद तिच्या जबड्याखाली धरला.

बंडप्पा सळई घेऊन आला. “दादा, लाल झाली.”

“पान्यात घाल,” सोमलिंग म्हणाला.

“आं?”

“पान्यात घाल म्हनलं ना. आन मोट्यानं बोलू नगो.”

पाण्याच्या घागरीत सळई चरचरली. त्या आवाजानंही घोडी हलली नाही. लाडलेसाब पाठ फिरवून जोंधळ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ उपरण्यानं नाक पुसत राहिला. सोमलिंगाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात कामात असल्यानं त्याला ते पुसताही येत नव्हतं.

“गंगे,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “माज्याजवळ आजवर एक जनावर आलं न्हाय गं.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. इतकी वर्षं तिला त्याचीच कीव येत आली होती. ते तिनं सांगितलं नाही.

पंगत बसली. सगळ्यांची पानं वाढून झाली, भज्जीवर आंबील ओतून झाली, तरी सोमलिंग तिथंच. बंडप्पानं दोनदा हाक मारली. सोमलिंगानं मान हलवून नाही म्हटलं, घोडी झोपलीय. उन्हं वर आली होती आणि त्याला भूक तर लागलेली होतीच, लपत नव्हती.

तेव्हा गंगाक्कानं एक केलं, जे उमरग्यात त्या काळी कुठल्या बाईनं चार माणसांदेखत केलं नसतं. उंडा भज्जीत कुस्करला, घास केला, डोईवरचा पदर नीट केला आणि सगळी पंगत बघत असताना नवऱ्याच्या तोंडात घातला. सोमलिंगानं तो मुकाट्यानं चावला. बंडप्पा हसायला लागला, तशी ती त्याच्याकडं वळून म्हणाली, “हसू नगा भावजी. हात गुतलेत त्यांचे.” आणि दुसरा घास करायला बसली.